पाणी नितळ, निकेल मात्र जास्त: भोसरीतल्या एका प्लेटिंग युनिटच्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा (ईटीपी) प्रकरण अभ्यास

भोसरी एमआयडीसीतलं हे मध्यम आकाराचं प्लेटिंग युनिट पूर्णपणे जॉब वर्कवर चालतं. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योग आपले बोल्ट, ब्रॅकेट आणि क्लॅम्प इथे प्लेटिंगला, म्हणजे वर धातूचा पातळ थर चढवायला, पाठवतात. बरीच वर्षं इथे फक्त झिंक प्लेटिंग व्हायचं. मग ग्राहकांनी झिंक-निकेलची मागणी सुरू केली. या मिश्रधातूच्या थरात साधारण १२ ते १५ टक्के निकेल असतं आणि साध्या झिंकच्या तुलनेत तो मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात, म्हणजे गंजाच्या चाचणीत, कितीतरी जास्त तास टिकतो. मालकांनी शेडच्या एका कडेला झिंक-निकेलची बॅरल लाइन (फिरत्या पिंपात भाग भरून प्लेटिंग करणारी) टाकली. तिचं रिन्सचं, म्हणजे भाग धुतल्याचं, पाणी जुन्याच गटारीतून, जुन्याच कलेक्शन टाकीत जाऊ लागलं.

ईटीपीत काहीच बदल झाला नाही. होती ती मांडणी अशी: कलेक्शन टाकी, लाइम (चुना) आणि कॉस्टिक सोडा घालायची फ्लॅश मिक्सर टाकी, पॉली (बारीक कणांचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, बांधणारं रसायन) घालायची फ्लॉक्युलेटर टाकी, गाळ खाली बसवणारा ट्यूब सेटलर, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि गाळासाठी फिल्टर प्रेस. झिंकसाठी ही मांडणी योग्यच होती आणि तिने काम चोख केलं होतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतलेल्या नमुन्यात निकेल मर्यादेबाहेर निघालं. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. इथे ते ११ च्या आसपास होतं. बाकीचे आकडे मर्यादेत होते. नोटीस आली, तिला उत्तर द्यायची मुदत ठरली आणि मालकांनी यंत्रं विकणाऱ्यांना बोलावलं.

सल्ला द्यायला मी पोहोचले तेव्हा टेबलावर तीन कोटेशनं होती. पहिल्यात मोठा ट्यूब सेटलर आणि नवा सँड फिल्टर होता. दुसऱ्यात आरओ. तिसऱ्यात आरओ, त्याच्या रिजेक्टसाठी (मागे उरणाऱ्या दाट पाण्यासाठी) बाष्पीभवन यंत्र आणि वर ‘झेडएलडी म्हणजे कायमची सुटका’ असं आश्वासन (झेडएलडी म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही). मालकांनी बँकेत कर्जाची चौकशीही करून ठेवली होती. म्हणाले, “मॅडम, यातलं कोणतं घेऊ तेवढं सांगा. पैसे जाणारच आहेत, पण परत नोटीस नको.”

त्या प्रश्नाला लगेच उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. तिन्ही कोटेशनं कलेक्शन टाकीतल्या एका नमुन्यावरून तयार झाली होती. निकेल पाण्यात कोणत्या रूपात आहे हे कोणीच तपासलं नव्हतं.

सेटलर दोषी आहे का?

आउटलेटचं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर तळ स्वच्छ दिसत होता. निलंबित घन पदार्थ कमी होते. सेटलर गाळ सोडत असता तर पाणी गढूळ आलं असतं आणि निकेलबरोबर झिंकही वाढलं असतं. तसं काही दिसत नव्हतं. म्हणून एकाच नमुन्याचे दोन भाग करून प्रयोगशाळेत पाठवले. एक भाग जसाच्या तसा आणि दुसरा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. दोन्हींत निकेल जवळजवळ सारखंच निघालं.

ही तपासणी स्वस्त आहे आणि माझ्या मते यंत्र निवडण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची आहे. गाळलेल्या पाण्यातही धातू तेवढाच आहे म्हणजे तो विरघळलेला आहे. विरघळलेला धातू सेटलर कितीही मोठा केला तरी खाली बसणार नाही आणि सँड फिल्टरमध्येही अडकणार नाही. पहिलं कोटेशन त्या दिवशीच बाद झालं.

यानंतर सरळ विचार असा होता की पीएच कमी पडत असेल. प्रत्येक धातूचं हायड्रॉक्साइड ठरावीक पीएचला सर्वांत कमी विरघळतं: त्रिसंयुजी क्रोमियमचं साधारण ७.५ ते ८.५ दरम्यान, झिंकचं ९ ते ९.५ ला आणि निकेलचं १० च्या थोडं वर. टाकी झिंकसाठी ९.२ वर लावलेली होती. मग बीकरमध्ये जार टेस्ट घेतली, ९.५, १०, १०.५ आणि ११ ला. पॉली घातली, गाळ बसू दिला, वरचं पाणी तपासलं. निकेल जरासं उतरलं आणि थांबलं, ३ च्या जवळपासही आलं नाही. ११ ला तर झिंक पुन्हा वर आलं, कारण झिंक उभयधर्मी आहे आणि तीव्र अल्कलीत पुन्हा विरघळतं. पीएच वाढवून हा प्रश्न सुटणार नव्हता. पाण्यातलं काहीतरी निकेलला धरून ठेवत होतं.

या जार टेस्ट चालू असतानाच पीएच मीटरही तपासून घेतला. पॅनेलवर ९.२ दिसत होतं, हातातल्या मीटरवर ८.४. प्रोबवर चुन्याचा पांढरा थर बसला होता आणि बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) वापरून कॅलिब्रेशन झाल्याची नोंद कुठेच नव्हती. शिवाय प्रोब बसवला होता फ्लॅश मिक्सरच्या कोपऱ्यात, पाणी जिथे फिरतच नाही तिथे. इतक्या वर्षांत मी जे ईटीपी पाहिले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट सापडते. लाखो रुपयांची यंत्रणा एका काचेच्या प्रोबच्या सांगण्यावरून रसायन घालत असते आणि तो प्रोब आठवड्यातून एकदा सौम्य आम्लात धुवायला कोणी नेमलेलं नसतं. इथे प्रोब साफ केल्यावर झिंकचे आकडे आणखी सुधारले. निकेल जागचं हललं नाही.

जांभळट पाणी

खरा धागा मिळाला तो ईटीपीच्या ऑपरेटरकडून. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सांगितलं, “मॅडम, त्या नव्या लाइनची पहिली रिन्स टाकी सोडली ना, की पाणी जांभळट दिसतं बघा. त्या दिवशी फ्लॉक धरत नाही. मी पॉली वाढवतो, तरी नाही.”

हे त्यांनी लॉगबुकमध्ये लिहिलं नव्हतं, कारण लॉगबुकात त्यासाठी रकानाच नव्हता. पण रंगाची ती खूण अचूक होती. अल्कलाइन झिंक-निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, भरपूर कॉस्टिक असतं. त्या कॉस्टिकमध्ये निकेल एरवी लगेच हायड्रॉक्साइड होऊन खाली बसेल आणि प्लेटिंगच होणार नाही. म्हणून बाथमध्ये अमाइन जातीची सेंद्रिय रसायनं घातलेली असतात. ती निकेलच्या आयनाला चहूबाजूंनी पकडतात आणि तीव्र अल्कलीतही द्रावणात राखतात. जांभळी छटा त्या निकेल-अमाइन संयुगाची. बाथसाठी जो गुण आवश्यक, तोच ईटीपीत अडचण ठरतो. चुना आणि कॉस्टिक घालून निकेल सुटत नाही, कारण अल्कलीत न सुटण्यासाठीच ते बांधलेलं आहे.

मग शेडमधल्या प्रत्येक रिन्सचा वेगळा नमुना घेतला. युनिटमधून दिवसाला साधारण २० घनमीटर पाणी निघत होतं, त्यात झिंक-निकेल लाइनचा वाटा जेमतेम ३ घनमीटरचा. पण हे ३ घनमीटर कलेक्शन टाकीत पडल्यावर त्यातली अमाइन बाकीच्या पाण्यातही पसरत होती. त्याला जोड होती सोक क्लीनरमधल्या (भागांवरचं तेल काढणाऱ्या द्रावणातल्या) ग्लुकोनेटसारख्या घटकांची, तीही धातूला थोडंफार धरून ठेवतात. एका लहान धारेने सगळ्या २० घनमीटरची प्रक्रिया अवघड करून ठेवली होती.

याच वेळी मी आणखी एक तपासणी सुचवली, तेव्हा मालक चकित झाले. तपासणी सायनाइडची. “आम्ही सायनाइड कधी खरेदीच केलं नाही. सायनाइड झिंक तर कधीच बंद केलं.” खरं होतं. पण अल्कलाइन झिंक-निकेलच्या बाथमध्ये उघडा निकेल अॅनोड असेल तर अॅनोडवर अमाइनचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून सायनाइड तयार होतं. बाथ जसजसा जुना होतो तसतसं ते साठतं. अहवालात सायनाइड निघालं. बाथमध्ये बऱ्यापैकी आणि रिन्समध्ये थोडं.

हा शोध निकेलइतकाच गंभीर होता. शेडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचं पिकलिंग (आम्लात बुडवून गंज काढणं) आहे आणि त्याची रिन्स त्याच गटारीत येत होती. सायनाइड असलेल्या पाण्यात आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. रिन्समधलं प्रमाण कमी होतं, पण जुना बाथ एखाद्या रविवारी साफसफाईत गटारीत ओतला गेला असता आणि वर पिकलिंगची टाकी रिकामी झाली असती, तर कलेक्शन टाकीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. त्याच संध्याकाळी झिंक-निकेल लाइनची गटारीकडे जाणारी पाइप बंद करून पाणी बाजूच्या ड्रममध्ये घ्यायला लावलं. बाकी सगळं नंतर.

आरओ आणि बाष्पीभवन का नको

मालकांचा ओढा तिसऱ्या कोटेशनकडे होता, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आरओ निकेल नष्ट करत नाही, ते एका बाजूला गोळा करतं. पाण्याचा तिसरा-चौथा हिस्सा रिजेक्ट म्हणून निघतो आणि त्यात निकेल, अमाइन, मीठ, सायनाइड सगळं दाटपणे असतं. ते सोडायला जागा नाही, म्हणून बाष्पीभवन यंत्र. एक टन पाणी वाफ करायला सुमारे ६३० युनिट विजेइतकी उष्णता लागते. मल्टिपल इफेक्टने (एका टप्प्याच्या वाफेने पुढचा टप्पा तापवून) किंवा वाफ पुन्हा दाबून वापरल्याने ती बरीच वाचते, पण त्यासाठी चांगला चालक, चांगली देखभाल आणि मोठं भांडवल हवं. बॉयलरही नसलेल्या युनिटला हे पेलणारं नव्हतं. शिवाय चुना घातलेलं, साबण आणि तेल असलेलं मिश्र पाणी मेम्ब्रेनवर सोडलं तर मेम्ब्रेन वर्षही काढत नाही.

आरओला माझा विरोध नाही. प्रक्रिया पूर्ण झालेलं, धातू उतरलेलं पाणी पुन्हा रिन्सला वापरायचं असेल तर आरओ उत्तम. पण मिश्र आणि प्रक्रियाच न झालेल्या पाण्यावर ते बसवणं म्हणजे प्रश्न दाट करून पुढच्या टाकीत ढकलणं.

काय केलं

सुरुवात ईटीपीत न करता लाइनवरच केली, कारण बाथमधून जे बाहेरच पडत नाही त्यावर प्रक्रिया करावी लागत नाही. बॅरल बाथमधून उचलल्यावर लगेच पुढे जात होती, तिच्यातून पाणी धो धो गळत. होइस्टच्या प्रोग्रॅममध्ये बाथवर थांबण्याचा वेळ वाढवला आणि थांबलेली असताना बॅरल फिरत राहील अशी व्यवस्था केली. छिद्रांत अडकलेला द्रव निथळायला हे फार उपयोगी पडतं.

मग बाथच्या शेजारी वाहतं पाणी नसलेली एक टाकी ठेवली. बॅरल बाथमध्ये जाण्याआधी त्यात बुडते आणि बाहेर आल्यावर पुन्हा त्यातच बुडते. येताना जे तिथे सुटतं त्यातलं काही पुढची बॅरल जाताना परत बाथमध्ये नेते. असं करून बाहेर पडणाऱ्या रसायनाचा निम्म्यापर्यंतचा भाग परत मिळू शकतो. निकेल प्लेटिंगचा बाथ गरम असल्याने त्यात रिन्सचं पाणी सरळ परत ओतता येतं, वाफेने जागा होत राहते. झिंक-निकेलचा बाथ साधारण खोलीच्या तापमानाला चालतो, त्यात जागा होत नाही. म्हणून ही दुहेरी बुडी.

त्यापुढे एका वाहत्या रिन्सऐवजी दोन, एकमेकींना उलट दिशेने जोडलेल्या. ताजं पाणी दुसऱ्या टाकीत येतं, तिथून पहिलीत जातं आणि मग बाहेर. हजारपट पातळ करायचं असेल तर एका टाकीत बाथच्या एका लिटरमागे हजार लिटर पाणी लागतं, दोन टाक्यांत सुमारे ३२ लिटर. मालकांना आधी हे पटेना. कागदावर गणित मांडलं, मग मीटर लावून दाखवलं, तेव्हा पटलं. त्या लाइनचं पाणी ३ घनमीटरवरून १ च्या खाली आलं.

हे उरलेलं पाणी जुन्या ईटीपीत जात नाही. त्यासाठी वेगळी बॅच टाकी घेतली: एफआरपीचं (फायबरग्लासचं) अस्तर, अॅजिटेटर, पीएच आणि ओआरपीचे (ऑक्सिडेशनची पातळी दाखवणारे) प्रोब, वर झाकण आणि हवा ओढणारा पंखा. सतत वाहणाऱ्या यंत्रणेपेक्षा बॅच मी मुद्दाम निवडली. पाणी कमी आहे आणि प्रत्येक बॅच तपासूनच सोडता येते. निकेल उतरलं नसेल तर टाकी बंद राहते आणि मामा पुन्हा डोस देतात. वाहत्या यंत्रणेत चूक कळेपर्यंत पाणी नाल्यात गेलेलं असतं.

प्रक्रियेचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉस्टिकने पीएच १०.५ च्या वर नेऊन हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) घालायचं, सायनाइड मोडण्यासाठी. निकेलशी जोडलेलं सायनाइड सावकाश तुटतं, म्हणून वेळ भरपूर द्यायचा. अमाइनही हायपो खातात आणि क्लोरामाइन बनवतात, त्यामुळे हायपो हिशेबापेक्षा बरंच जास्त लागतं. पंखा आहे तो यासाठीच. सायनाइड संपल्याची खात्री झाली की उरलेलं क्लोरीन मेटाबायसल्फाइटने मारायचं. ही पायरी गाळली तर पुढचं महागडं रसायन वाया जातं. मग पीएच ९ च्या जवळ आणून डायथायोकार्बामेट जातीचं प्रेसिपिटंट (विरघळलेल्या धातूचा गाळ करणारं रसायन) घालायचं. त्यातलं गंधक निकेलला अमाइनपेक्षा घट्ट धरतं आणि निकेल अविद्राव्य होऊन बाहेर येतं. त्याचे कण फार बारीक असतात, म्हणून फेरिक क्लोराइड, शेवटी पॉली.

या रसायनाबद्दल मामांना आणि त्यांच्या सोबतच्या पोरांना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली: आम्लात ते कधीही जाऊ द्यायचं नाही, त्यातून कार्बन डायसल्फाइड सुटतो. तो विषारी आहे आणि सहज पेट घेतो. दुसरं, जास्त घातलं की जास्त चांगलं असं नाही. उरलेलं डायथायोकार्बामेट पाण्यातल्या जिवांना घातक असतं. डोस जार टेस्टने ठरवायचा, हाताच्या अंदाजाने नाही.

फिल्टर प्रेसवर एक छोटी सुधारणा झाली. गाळ प्रेसला पोहोचवायला साधा सेंट्रिफ्युगल पंप होता. त्याच्या पंख्यात फ्लॉक फुटून बारीक व्हायचं आणि कापड चोंदायचं. त्याजागी हवेवर चालणारा डायफ्राम पंप आला. केक कोरडा पडू लागला आणि दोन प्लेटांमधून सहज सुटू लागला. निकेलचा गाळ वेगळ्या पिशव्यांत, लेबल लावून, छपराखाली ठेवतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या आत रांजणगावच्या सामायिक केंद्रात जायला हवा. मालकांनी त्याचा मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) भरायचं काम आता एका ठरावीक माणसाकडे दिलं आहे.

जुन्या ईटीपीला यातलं काहीच लागलं नाही. प्रोब खळखळत्या जागी हलवला, त्याच्या सफाईचा वार ठरवला, सेटिंग ९.२ वर ठेवलं. अमाइनचं पाणी बंद झाल्यावर त्याच सेटलरमधून निकेल आणि झिंक दोन्ही मर्यादेच्या बरेच खाली येऊ लागले. एकूण खर्च पहिल्या कोटेशनपेक्षाही कमी झाला.

अजून बाकी

बॅचचं पाणी निकेलमध्ये बसतं, पण त्याचा सीओडी (मुख्यतः सेंद्रिय घाणीचं माप) चढा आहे. अमाइन हायपोने पूर्ण तुटत नाहीत आणि सूक्ष्मजीवांनाही ती लवकर पचत नाहीत. बाकीच्या पाण्यात मिसळल्यावर बाहेर जाणारा आकडा लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत राहतो, पण पातळ करून मर्यादेत आणणं म्हणजे प्रक्रिया नव्हे, असं मी मालकांना लेखी कळवलं आहे. दिवसाला घनमीटरच्या आतच असलेल्या या पाण्यासाठी लहान व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर मात्र विचारात घेण्याजोगा आहे. २० घनमीटरला जो वेडेपणा ठरला असता, तो इथे हिशेबात बसू शकतो. त्याचं कोटेशन मागवलं आहे, आणि या वेळी नमुना बॅच टाकीतलाच दिला आहे.

दुसरं काम अॅनोडचं. मेम्ब्रेनने वेगळे केलेले अॅनोड बसवले तर अमाइन अॅनोडपर्यंत पोहोचत नाहीत आणि सायनाइड बनणंच थांबतं. खर्चिक आहे, पण बाथचं आयुष्यही वाढतं. रसायन पुरवणाऱ्याने ही माहिती लाइन विकतानाच द्यायला हवी होती, हे मी इथे स्पष्ट लिहिते. झिंक-निकेलचं तंत्र भोसरी, चाकण, तळवडे इथल्या कितीतरी लहान युनिटांत येत आहे आणि बाथच्या माहितीपत्रकात थराची जाडी असते, तासांचे आकडे असतात, सांडपाण्याबद्दल मात्र एखादी ओळ.

भोसरीच्या उत्तर अंगाचे नाले इंद्रायणीला मिळतात. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की त्याचे फोटो छापून येतात, चौकशी होते. निकेलला फेस येत नाही, वास नाही, इतक्या प्रमाणात रंगही नाही. ते कुजतही नाही. गाळात बसतं, तुळापूरला भीमेत जातं आणि पुढे उजनीच्या दिशेने सरकत राहतं. काठावर स्नान करणाऱ्या वारकऱ्याला किंवा खाली पंप लावून ऊस भिजवणाऱ्या शेतकऱ्याला ते ओळखता येणार नाही. ओळखता येतं ते फक्त शेडच्या आत, गटारीत मिसळण्याआधी.

मंडळाला दिलेल्या उत्तरात आम्ही जुनी आणि नवी मांडणी, प्रत्येक धारेचे स्वतंत्र अहवाल आणि बॅचनिहाय नोंदी जोडल्या. लॉगबुकात आता ‘रंग’ असा एक रकाना आहे आणि तो मामा भरतात.